तेजू कोल यांची 'ओपन सिटी' ही कादंबरी कशी वाचावी?

प्रश्न
नायक ज्युलियस अर्धा नायजेरियन, अर्धा जर्मन, न्यूयॉर्कमध्ये मानसोपचाराचं शिक्षण संपवत आलेला डॉक्टर. तो नुसता चालत राहतो, कथानक काही हलत नाही. शिवाय कुणी आफ्रिकी माणूस जवळीक दाखवायला आला की हा अंग चोरतो. ते का? आणि संवादांना अवतरणचिन्हं नाहीत, त्यामुळे बोलतंय कोण तेच कळत नाही.

प्रतिसाद १
अवतरणचिन्हं मुद्दामच नाहीत. सगळे आवाज ज्युलियसच्याच आवाजातून येतात, म्हणून त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा हे आपणच ठरवायचं. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागाचा नकाशा मात्र उघडा ठेवा. खाली दक्षिणेला १९९१ मध्ये सरकारी इमारतीचा पाया खणताना गुलामांची दफनभूमी सापडली, चारशेहून जास्त सांगाडे निघाले. ज्युलियस तिथे वाकून गवतातला दगड उचलतो आणि त्याच्या डाव्या हातातून कळ जाते. ती कळ कसली, हे आठवायला याच प्रकरणात थोडं मागे जा.

प्रतिसाद २
हो, ती मारहाणीची. ज्या दोन तरुणांशी रस्त्यात 'आपण सारखेच' अशी नजरानजर झालेली असते, तेच त्याला लुटतात. उलट बाजूने टॅक्सीचा प्रसंग पाहा. हा नमस्कार-चमत्कार न करता आत बसतो, तर ड्रायव्हर दुखावतो: मीही आफ्रिकीच, मग असं का? नात्याचा हा हक्क ज्युलियसला जाचतो. पण म्हणून तो तुसडा, असं म्हणून मोकळं होऊ नका. ब्रसेल्समध्ये फारूक या मोरोक्कन तरुणाशी राजकारणावर तो तासन्‌तास बोलतो. तिथे वाद चालतो, बंधुभाव गळ्यात पडत नाही.

प्रतिसाद ३
(पुढे रहस्यभेद आहे.)
बौद्धिक भटक्या म्हणून त्याचं कौतुक करणारे मोजी या त्याच्या जुन्या ओळखीच्या बाईचं प्रकरण घाईत उरकतात. नायजेरियात किशोरवयात याने आपल्यावर बलात्कार केला, असं ती तोंडावर सांगते. त्यावर हा चकार शब्द काढत नाही, पुढच्या प्रकरणात संगीतकार माहलरची रचना ऐकायला कार्नेगी हॉलमध्ये हजर! गावाने काय पुरलं ते शोधत फिरणारा स्वतःचं पुरलेलं उकरत नाही. शीर्षकही तिरकं आहे: १९४० मध्ये ब्रसेल्स 'खुलं शहर' (ओपन सिटी), म्हणजे लढून न राखलं जाणारं शहर, जाहीर झालं, बॉम्बहल्ल्यातून वाचलं, पण जर्मन फौजा आत शिरल्याच.

फारच अडकलात तर आधी कोल यांचंच 'एव्हरी डे इज फॉर द थीफ' घ्या. नायजेरियातल्या लागोस शहरावरचं, छोटं पुस्तक आहे, सोबत फोटोही आहेत.