काकूने सरळ विचारलं

'जो मरणाची भाषा बोलतो तो काही करत नाही' असं लोक सर्रास म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. सोयाबीन हातचं गेलं त्या वर्षी आमचे काका तीनदा तरी म्हणाले होते, "माझं ओझं कशाला तुम्हाला." आम्ही हसण्यावारी नेलं. मग एक दिवस त्यांनी बैलजोडी भावाला देऊन टाकली, पासबुक नि विम्याचे कागद काकूसमोर नीट लावून ठेवले आणि एकदम शांत झाले. आम्हाला वाटलं, सावरले. काकूला मात्र ती शांतता खटकली. जेवताना तिने सरळ विचारलं, "अहो, जीव द्यायचं मनात येतंय का?" काका भाकरीकडे बघत राहिले आणि मग ढसाढसा रडले.

असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्या रात्री त्यांना एकटं सोडलं नाही. फवारणीची औषधं शेजाऱ्यांकडे कुलपात ठेवली, सकाळी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. घरच्यांनीही फोन करावा. आणि कुणी प्रयत्न केला असेल तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलंय, त्यामुळे सहसा खटला किंवा शिक्षा होत नाही.

बैलजोडी काकांनी पोळ्याच्या आधी परत आणली. गोळ्या अजून चालू आहेत.