उत्तर: क्विझचा प्रश्न ९, डॉन फॉक्स

प्रेषक: अमोल
नमस्कार मंडळी,
पिकनिकच्या क्विझचे प्रश्न जवळपास तयार आहेत. 'आपलं यॉर्कशायर' या फेरीत रग्बी लीगचा एक प्रश्न घातलाय: "१९६८ च्या चॅलेंज कप फायनलमध्ये शेवटच्या मिनिटाला पोस्टसमोरची सोपी किक कोणी घालवली?" उत्तर डॉन फॉक्स. क्लिप प्रोजेक्टरवर दाखवू, पोरं हसतील. बदल सुचवायचे असतील तर बुधवारपर्यंत कळवा.

प्रेषक: नंदूकाका
अमोल,
बदल आहे. हा प्रश्न काढ, निदान फिरव तरी. वेकफिल्डात इतकी वर्षं काढली, इथल्या म्हाताऱ्यांबरोबर बसून रग्बी लीग बघितलं, म्हणून हक्कानं सांगतो.

वेकफिल्ड आणि फेदरस्टनच्या मध्ये शार्लस्टन लागतं. कोळशाच्या खाणीवर उभं राहिलेलं खेडं. फॉक्स बंधू तिथले. थोरला पीटर, तो पुढे कोच म्हणून गाजला. मधला डॉन, जन्म १९३५ चा. धाकटा नील, त्याच्या नावावर ६,२२० गुण आहेत आणि तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. अशा दोघांच्या मध्ये सापडलेल्या माणसाकडे आधीच लोकांचं लक्ष कमी जातं.

डॉन १९५३ मध्ये फेदरस्टन रोव्हर्सकडून खेळायला लागला. फेदरस्टनमध्ये फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतला दांडगा गडी, कमी पडला तर खाणीच्या तोंडाशी जाऊन शिट्टी मारायची, एक वर येतो, असं लोक गमतीनं म्हणायचे. खेळाडू प्रोफेशनल म्हणवायचे खरे, पण आठवडाभर नोकरी आणि शनिवारी मॅच. जिंकलं तर हातात जास्त पैसे, हरलं तर कमी. डॉन स्क्रम-हाफ होता. दोन्ही संघांचे फॉरवर्ड खांद्याला खांदा भिडवून रेटतात त्या स्क्रममधून चेंडू मागे आला की तो उचलून पास द्यायचा, किक मारायची की स्वतःच फटीतून घुसायचं, हे अंगावर माणसं येत असताना ठरवायचं, ती ही जागा. तिथून त्यानं फेदरस्टनसाठी १६२ ट्राय केले (ट्राय म्हणजे समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं), क्लबचा विक्रम. असे आकडे कडेनं पळणाऱ्या विंगरचे असतात, स्क्रम-हाफचे नाही.

ब्रिटनकडून मात्र टेस्ट एकच, १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध. कारण त्याच जागेवर सेंट हेलेन्सचा ॲलेक्स मर्फी ठाण मांडून बसलेला. बेदींमुळे पद्माकर शिवलकरांना एकही टेस्ट मिळाली नाही. याला एक तरी मिळाली म्हणायचं.

नशीब बघ. १९६५ मध्ये डॉन फेदरस्टन सोडून वेकफिल्ड ट्रिनिटीत गेला आणि १९६७ मध्ये फेदरस्टननं लंडनच्या वेम्बलीवर हाच चॅलेंज कप जिंकला. त्याच्या जुन्या जागेवर खेळणाऱ्या कार्ल डूलरला सामनावीराची लान्स टॉड ट्रॉफी मिळाली. अर्थात वेकफिल्डनंही १९६७ आणि १९६८, लागोपाठ दोन वर्षं चॅम्पियनशिप जिंकली, म्हणजे तो अगदीच रिकाम्या हातानं राहिला नाही. हे सगळं सोडून आपण पोरांना ती एक किक दाखवणार?
नंदू

प्रेषक: अमोल
काका, मान्य. पण खरं सांगा, ती किक आत गेली असती तर आज आपण त्याचं नाव तरी काढलं असतं का? मर्फीच्या मागे राहिलेले कितीतरी असतील. आणि किक सोपी होती हे तर क्लिपमध्ये दिसतंच. पोस्टच्या बरोबर समोर.

प्रेषक: शुभदा
अमोल, त्या फायनलमध्ये वेकफिल्डसमोर लीड्स होतं आणि मी लीड्सवाली, तेव्हा मी वेकफिल्डची बाजू घेणार नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण क्लिप फक्त शेवटची दाखवलीस तर मैदान कसं होतं ते कळायचं नाही. इतका पाऊस झाला होता की त्या मॅचला आजही 'वॉटरस्प्लॅश फायनल' म्हणतात. माणूस घसरला की पाण्याचा फवारा उडतो आणि तो फूटभर नाही, चार-पाच यार्ड सरकत जातो. चेंडू चामड्याचा. पाणी पिऊन जड होणारा.

आमच्या लीड्सला एक पेनल्टी ट्राय, म्हणजे रेफरीनं बहाल केलेला ट्राय, मिळाला, आमच्या जॉन ॲटकिन्सनला अडवलं म्हणून. त्यावर वेकफिल्डवाले अजून कुरकुर करतात, करोत बापडे. आमच्याच बेव्ह रिझमननं शेवटी पेनल्टी मारून ११-७ केलं आणि मॅच संपली असंच सगळ्यांना वाटलं. पुन्हा खेळ सुरू झाल्या झाल्या वेकफिल्डच्या केन हर्स्टनं सुटलेला चेंडू पायानं पुढे ढकलत नेला आणि पोस्टखाली ट्राय केला. तेव्हा ट्रायचे तीन गुण, म्हणून ११-१०. ट्रायनंतर पोस्टमधून मारायच्या किकचे दोन. गेली असती तर कप वेकफिल्डचा.

प्रेषक: नंदूकाका
शुभदानं माझं अर्धं काम केलं. उरलेलं सांगतो.

ट्रिनिटीचा नेहमीचा किकर नील. तो दुखापतीमुळे त्या दिवशी मैदानात नव्हता, म्हणून डॉनवर जबाबदारी आली. तेव्हा चेंडू उभा करायला आजच्यासारखा प्लास्टिकचा टी नव्हता. टाचेनं माती उकरायची, चेंडू त्यात रोवायचा, सरळ मागे जायचं आणि बुटाच्या टोकानं मारायचा. त्या चिखलात उकरणार काय आणि रोवणार काय? चेंडू पायावर नीट बसला नाही, बाहेरून गेला, डॉन तिथेच जमिनीवर कोसळला. बीबीसीवर कॉमेंटेटर एडी वेअरिंगच्या तोंडून "बिचारा पोरगा" अशा अर्थाचं काहीतरी निघालं आणि ते वाक्य डॉनला मरेपर्यंत, २००८ पर्यंत, चिकटून राहिलं.

आणि सामनावीर कोण? हाच. हरलेल्या संघातला, किक घालवलेला. लान्स टॉड ट्रॉफी खेळ बघणारे पत्रकार मतं देऊन ठरवतात. त्यांनी ऐंशी मिनिटं बघितली होती. अमोल, तू म्हणतोस किक गेली असती तर नाव निघालं नसतं. इथे नॉर्थमध्ये, जिथे रग्बी लीग बघतात, निघालं असतं, लंडनमध्ये नसतं निघालं, एवढाच फरक.

माझा प्रश्न असा: "१९६८ च्या वेम्बली फायनलमध्ये हरलेल्या संघातून लान्स टॉड ट्रॉफी कोणाला मिळाली?" क्लिप दाखवायचीच तर पूर्ण मॅचमधली पाच मिनिटं दाखव.

प्रेषक: अमोल
ठीक आहे काका, तुमचा प्रश्न घेतो. दोन गुणांऐवजी पाच ठेवतो, कोणाला येणार नाही.

प्रेषक: शुभदा
अहो, उत्तर सगळ्या लिस्टला गेलंय! दोनशे घरांत आज हेच वाचतायत. प्रश्न ९ रद्द, नवीन शोधा. आणि नीलचे ६,२२० गुणही विचारू नका, तेही काकांनी फोडलंय. बटाटेवडे कोण आणणार ते अजून ठरलेलं नाही, तेवढं तरी बुधवारच्या आत कळवा.