बॅकअप चालू असताना प्रॉक्समॉक्सचा एकच नोड आपोआप रीस्टार्ट होतो, कमांड लाइनवर काय बघू?

तूरडाळ_ॲडमिन, जळगाव

नमस्कार मंडळी. इथल्या एमआयडीसीत डाळमिलला प्रॉक्समॉक्स ८ (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) चं तीन नोडचं, म्हणजे तीन सर्व्हरचं, क्लस्टर आहे. नोड १, नोड २ आणि एनएएस (नेटवर्कवरची साठवण पेटी) ऑफिसात. नोड ३ वजनकाट्याच्या केबिनमध्ये, मधे ७० मीटर कॅट-६ केबल. सगळं १ गिगाबिटवर, एकाच नेटवर्कमध्ये. टॅलीचं व्हीएम १०४ एचएमध्ये (नोड पडला तर व्हीएम आपोआप दुसऱ्या नोडवर उठवणारी सोय), त्याची डिस्क एनएफएसवर (नेटवर्कवरून वापरायची साठवण). काट्याचं व्हीएम १०७ एचएमध्ये नाही. दोन्ही नोड ३ वर चालतात.

रात्री २ ला बॅकअप सुरू होतो आणि आठवड्यात दोन-तीनदा नोड ३ सव्वादोनच्या सुमारास रीस्टार्ट होतो. सर्व्हरवाला म्हणतो लाइटीचा दोष, यूपीएसवाला म्हणतो सर्व्हरचा. सकाळी १०७ सुरू करायला गेलं की 'व्हीएम इज लॉक्ड, बॅकअप'. आज तर 'क्लस्टर नॉट रेडी, नो क्वोरम?' (नोडच्या मतांचं बहुमत नाही) असं आलं आणि /ईटीसी/पीव्हीई या क्लस्टरच्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये काही लिहिता येईना. काटा बंद, बाहेर ट्रकांची लाइन. आता काय करू?

भरीत_पुरी

भाऊ, नोड ३ वर 'पीव्हीईसीएम एक्स्पेक्टेड १' मारा. क्वोरम लगेच येतो, व्हीएम चालू करा, बाकीचं नंतर बघा.

तापीकाठ, भुसावळ

थांबा भो, ते मारू नका! नोड १ आणि २ एकमेकांना दिसत असतील तर तीनपैकी दोन मतं त्यांच्याकडे आहेत, म्हणजे क्वोरम तिकडे आहे. एचएने १०४ तिकडे सुरूही केलं असेल. तुटलेल्या नोडला एकट्याला क्वोरम देऊन तेच व्हीएम इथंही उठवलं, तर एनएफएसवरच्या एकाच डिस्कवर दोघं लिहितील आणि टॅलीचा डेटा गेला. बाकीचे नोड खरोखर बंद आहेत हे डोळ्यांनी बघितल्यावरच ती कमांड.

खालून वर बघत या: आधी कोरोसिंक (नोडांना एकमेकांशी जोडून ठेवणारी सेवा), मग /ईटीसी/पीव्हीई, शेवटी व्हीएम. वरचं रडगाणं बहुतेक वेळा खालच्या थरातून आलेलं असतं. (कमांड इथं देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर इंग्रजीतच टाका.)

'पीव्हीईसीएम स्टेटस' तिन्ही नोडवर चालवा. 'क्वोरेट: येस' कुठं आणि 'नो' कुठं, एवढंच बघा. मग 'कोरोसिंक-सीएफजीटूल -एस', त्यात प्रत्येक नोडपुढे 'कनेक्टेड' की 'डिसकनेक्टेड' ते कळतं. पण ते आत्ताचं चित्र. रात्रीचं हवं असेल तर 'कोरोसिंक-सीमॅपसीटीएल -एम स्टॅट्स' काढून त्यात 'लेटन्सी_मॅक्स' आणि 'डाउन_काउंट' ग्रेप करा (म्हणजे शोधा). लेटन्सीचे आकडे मायक्रोसेकंदात असतात, ५००० च्या आत राहायला हवेत, म्हणजे ५ मिलिसेकंद. हे नोड १ वर बघा, कारण नोड ३ चे आकडे रीस्टार्टमध्ये पुसले गेले.

लाइट की वॉचडॉग (नोड अडकला की त्याला रीसेट करणारा टायमर), हा वाद मिटवायला नोड ३ वर 'जर्नलसीटीएल -बी -१ -ई', म्हणजे आधीच्या बूटचा शेवट. 'क्लायंट वॉचडॉग एक्स्पायर्ड' दिसलं तर नोडने स्वतःच स्वतःला रीसेट केलंय. एचएचं व्हीएम अंगावर असलेल्या नोडचा क्वोरम गेला आणि ६० सेकंदांत परत आला नाही, तर वॉचडॉग हेच करतो. एचएचं काम नसलेला नोड असा रीसेट होत नाही, म्हणूनच फक्त ३ नंबर पडतोय. सर्व्हरला आयपीएमआय (हार्डवेअरवर नजर ठेवणारी सोय) असेल तर 'आयपीएमआयटूल सेल लिस्ट' मध्ये वीज गेल्याची नोंद आहे का तेही बघा.

तूरडाळ_ॲडमिन, जळगाव

नोड १, २ क्वोरेट. १०४ खरंच नोड २ वर चालू सापडलं, बरं झालं थांबवलंत. नोड ३ वर शेवटची ओळ 'वॉचडॉग एक्स्पायर्ड' हीच. नोड १ च्या कोरोसिंक लॉगमध्ये २:११ पासून 'रीट्रान्समिट लिस्ट' च्या रांगा, मग 'टोकन हॅज नॉट बीन रिसीव्ह्ड इन २७३७ एमएस', मग 'होस्ट: ३ लिंक: ० इज डाउन'. हा २७३७ आकडा कुठून आला? टोकन वाढवून ठेवू का?

तापीकाठ, भुसावळ

टोकन म्हणजे नोडांत फिरणाऱ्या संदेशाची वाट बघायची वेळ. कोरोसिंक ३ चा मूळ टोकन ३००० मिलिसेकंद, दोनच्या पुढच्या प्रत्येक नोडला ६५० जास्त. तुमचे झाले ३६५०. त्याच्या ७५ टक्क्यांवर इशारा येतो, तो हा २७३७. वाढवू नका. दोष तसाच राहील, फक्त उशिरा कळेल.

दोष त्या ७० मीटर केबलवर आहे. नोड ३ चा बॅकअप, १०४ ची एनएफएस डिस्क आणि कोरोसिंक, तिन्ही एकाच गिगाबिटवर. कोरोसिंकला बँडविड्थ किरकोळ लागते, पण वेळ पाळावी लागते. बॅकअपने पाइप भरला की त्याचे पॅकेट रांगेत उभे, तुमच्या ट्रकांसारखे.

अमळनेर_रूट

उपाय दुसरी लिंक. तिन्ही नोडचा रिकामा लॅन पोर्ट, वेगळा ५ पोर्टचा साधा स्विच, दुसरी केबल आणि वेगळा सबनेट.

काम करताना क्लस्टरने कोणाला रीसेट करू नये म्हणून आधी तिन्ही नोडवर 'सिस्टमसीटीएल स्टॉप पीव्हीई-एचए-एलआरएम', तिन्हीवर झालं की मगच 'पीव्हीई-एचए-सीआरएम' (या दोन्ही एचएच्या सेवा). व्हीएम चालूच राहतात. मग /ईटीसी/पीव्हीई/कोरोसिंक.कॉन्फ ची '.न्यू' नावाने कॉपी करून तिच्यात बदल करा: प्रत्येक नोडला 'रिंग१_ॲडर' (स्पेलिंग ए-डी-डी-आर एवढंच), टोटेममध्ये 'लिंकनंबर: १' चा इंटरफेस, आणि 'कॉन्फिग_व्हर्जन' एकने वाढवा. लोक नेमकं हेच विसरतात. मग 'एमव्ही' ने मूळ फाइलवर टाका. नव्या लिंकला 'नेट_लिंक_प्रायॉरिटी' जास्त द्या (कमांडमध्ये त्या 'नेट' चं स्पेलिंग के पासून). मोठा आकडा आधी वापरला जातो, जुनी लिंक राखीव राहते. 'सीएफजीटूल -एस' मध्ये दोन्ही लिंक दिसल्या की एचएच्या सेवा परत सुरू करा.

शिवाय बॅकअपच्या वेगाला मर्यादा म्हणून /ईटीसी/व्हीझेडडंप.कॉन्फ मध्ये 'बीडब्ल्यूलिमिट: ६००००'. हा किबीबाइट प्रति सेकंद, म्हणजे गिगाबिटचा जवळपास निम्मा.

आजच्या १०७ साठी: आधी नोड ३ ला क्वोरम मिळू दे. मग 'पीग्रेप -एएफ व्हीझेडडंप' रिकामं येतंय ना ते बघा आणि 'क्यूएम अनलॉक १०७'. बॅकअप चालू असताना लॉक काढू नका.

भरीत_पुरी

चुकलो भो. एक मात्र सांगतो, केबिनमधला स्विच उघडून बघा. डाळमिलचा भुसा पोर्टात बसला की लिंक चालू-बंद होत राहते. 'ईथटूल -एस' (हा एस कॅपिटल) पुढे कार्डाचं नाव देऊन सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या पॅकेटांचा, आकडा रात्री आणि सकाळी बघा. वाढत असेल तर केबल किंवा पोर्टही बदला.

अमळनेर_रूट

आणि नवा स्विच यूपीएसवरच लावा. भिंतीच्या सॉकेटवर लावलात तर लाइट गेली की नवी लिंक आधी पडेल, आणि कोरोसिंक पुन्हा त्याच बॅकअपच्या केबलवर.