अनुभव धागा: उन्हाळ्यात मोटरहोमने फ्रान्सची खेडी

पॅरिस पाहिलेले मराठी लोक पुष्कळ आहेत. हा धागा त्यापलीकडच्या फ्रान्ससाठी, आणि तोही घर सोबत घेऊन फिरणाऱ्यांसाठी. मुक्काम कुठे टाकलात, पाणी कुठे भरलंत, काय शिजवलंत, मुलं आणि वडीलधारी कशी रमली, सगळं लिहा. स्थळांच्या याद्या कुठेही सापडतात. सुरुवात मी करते.

आम्ही लंडनजवळ राहतो. फोकस्टनला गाडी समुद्राखालच्या बोगद्यातून जाणाऱ्या रेल्वेवर चढवली की 35 मिनिटांत पलीकडे, फ्रान्समध्ये. गाडीची उंची मात्र आधी नीट मोजा, छतावरची डिश धरून. दोन ते तीन मीटरला टोलचा दुसरा वर्ग लागतो, तीन मीटर झाली की तिसरा, आणि तो बराच महाग. आम्ही टोलचे रस्ते टाळून जिल्हा रस्त्यांनीच जातो. तिथे वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी 80 किलोमीटर, काही जिल्ह्यांत 90. घाई नसेल तर हेच रस्ते उत्तम.

अनेक गावांनी मोटरहोमसाठी जागा राखून ठेवली आहे, तिला ‘एर’ म्हणतात. बऱ्याच ठिकाणी पिण्याचं पाणी, सांडपाणी सोडायची जाळी आणि संडासाची कॅसेट रिकामी करायची सोय असते. आपण गावात यावं, चार पैसे खर्च करावेत म्हणून गावाने हे केलेलं असतं. म्हणून पाव आम्ही गावच्या बेकरीतून आणि भाजी आठवडी बाजारातूनच घेतो. दुपारी बारा ते दोन दुकानं बंद, सोमवारी कितीतरी बेकऱ्या बंद. या वेळापत्रकाशी भांडू नका.

माझं ठाम मत: एका सुट्टीत एकच खोरं. आम्ही नैऋत्येकडच्या दॉर्दोन्य नदीचं निवडलं. ला रोक-गाझाकला कड्याखाली चिकटलेली घरं आणि समोरच नदी. मुलांना पाण्यातून बाहेर काढणं मुश्कील. सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी, शनिवारचा मोठा. हा बदकांचा आणि हंसांचा मुलूख, त्यामुळे हॉटेलात शाकाहारी माणसाचं अवघड. पण बाजारात अक्रोड, टोमॅटो, खरबुजं आणि काबेकू नावाचं बकरीच्या दुधाचं छोटं गोल चीज मिळतं. कुकर आपल्याजवळ असतोच. लास्कोची गुहा 1940 मध्ये सापडली आणि पाहणाऱ्यांच्या श्वासाने चित्रं बिघडू लागली म्हणून 1963 मध्ये बंद झाली. आता 2016 मध्ये उघडलेली हुबेहूब प्रतिकृती दाखवतात. प्रतिकृती आहे म्हणून टाळू नका, मुलीने तिथले बैल आणि घोडे दिवसभर वहीत काढले.

*म्युनिकहून*
‘फ्रान्स पासियाँ’बद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. या योजनेचे सभासद झालात की शेतकरी आणि द्राक्षमळेवाले आपल्या अंगणात 24 तास फुकट राहू देतात. गाडीत स्वतःचा संडास हवा. आल्यावर भेटायचं, निघताना निरोप घ्यायचा. खरेदीची सक्ती नाही. आल्सासमध्ये एका मळ्यात राहिलो. मालकीणबाईंना इंग्रजी येत नव्हतं, माझं फ्रेंच चार वाक्यांचं. त्यांनी माझ्या आईला हाताला धरून द्राक्षाच्या ओळीतून फिरवलं. आईचं माहेर नाशिककडचं. तिने वेलीचं पान उलटं करून भुरी रोग आहे का ते पाहिलं आणि बाईंना ते लगेच कळलं. पुढचा तासभर दोघी मळ्यात होत्या.

*आइंडहोवनहून*
जुलैअखेरीचा आणि ऑगस्टच्या सुरुवातीचा शनिवार टाळा. निम्मा देश सुट्टीवर निघतो, निम्मा परततो. ‘बिझाँ फ्युते’ ही सरकारी वाहतूक सूचना बघा: हिरवा, नारिंगी, लाल, काळा; काळा म्हणजे सगळ्यात जास्त कोंडी. काळ्या दिवशी आम्ही एरवरच थांबतो.

दुसरं म्हणजे तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत! पिरेनीजमध्ये तुर्मालेसारख्या घाटावर (2115 मीटर) मोटरहोमवाले शर्यतीच्या कितीतरी आधीपासून जागा धरतात. शेजारी बेल्जियन, पलीकडे बास्क. सायकलपटूंच्या साधारण दोन तास आधी जाहिरातींच्या गाड्यांची वरात येते आणि टोप्या, खाऊ उधळत जाते. रस्ता बंद झाला की खाली उतरता येत नाही, तेव्हा पाणी आणि किराणा भरूनच वर चढा. मी आषाढीला वाखरीचं रिंगण पाहिलंय. एवढ्या माणसांनी रस्त्याकडेला उन्हात तासन् तास आनंदाने थांबणं त्यानंतर इथेच पाहिलं.

*मूळ नागपूर, आता लियाँ*
दक्षिणेबद्दल सावध करते. प्रोव्हान्समधल्या वालांसोलचं लॅव्हेंडर जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत, मग कापणी. उशीर झाला तर उंचावरच्या ‘सो’ (Sault) या गावी जा, तिथे फुलं उशिरा येतात. पण उष्णतेची लाट आली की मोटरहोम रात्रीसुद्धा निवत नाही. मे महिन्यातलं नागपूर अंगवळणी पडलेल्या माझ्यासारखीलाही झोप लागली नाही. वणव्याचा धोका असेल तर जंगलातले रस्ते बंद होतात, उघड्यावर शेगडी पेटवायला बंदी असते; ती पाळाच. म्हाताऱ्या माणसांना न्यायचं तर प्रोव्हान्स जूनमध्ये, ऑगस्टमध्ये ब्रिटनी किंवा नॉर्मंडी.

*लीड्सहून*
कॅलेहून दक्षिणेला निघालात तर नव्ह-शापेलला थांबा. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर पडलेल्या आणि कबर नसलेल्या 4,700 हून अधिक भारतीयांची नावं तिथल्या गोल भिंतीवर कोरली आहेत. 28 ऑक्टोबर 1914 ला या गावावर झालेल्या हल्ल्यात खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाच्या 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या होत्या. माझे आजोबा खडकीतच नोकरीला होते, त्यामुळे ही नावं मी सावकाश वाचली. पुण्याच्या लोकांनी हा थांबा चुकवू नये असं मला मनापासून वाटतं.

*पुण्याहून*
भारतातून येऊन मोटरहोम भाड्याने घेता येते का?

*धागाकर्ती*
हो. भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढून आणा. साध्या कारच्या लायसन्सवर एकूण साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालवता येते, आणि त्यात पाणी, सामान, माणसं सगळं धरलेलं असतं. गाडी ताब्यात घेताना गॅस, पाणी आणि कॅसेट स्वतः हाताळून बघा. जुलै-ऑगस्टसाठी हिवाळ्यातच बुकिंग करा.