आर.ई.एम.चा शेवटचा अल्बम: समीक्षकांना निरोप ऐकूच आला नाही का?

रात्रपाळी: काल परत आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडचा 'कोलॅप्स इनटू नाऊ' सलग ऐकला आणि परत तेच वाटलं, या अल्बमवर अन्याय झालाय. मार्च २०११ मध्ये आला तेव्हा बऱ्याच रिव्ह्यूंचा सूर होता की चांगला आहे, पण जुन्याच आर.ई.एम.ची उजळणी आहे. सहा महिन्यांनी, २१ सप्टेंबरला, बँडच बंद. मला ती उजळणी वाटतच नाही, ती आवराआवर आहे. कव्हरवर बँडचा गायक मायकेल स्टाइप हात वर करून उभाय, एका गाण्याचं नावच 'ऑल द बेस्ट', आणि शेवटचं 'ब्लू' संपता संपता पहिलं गाणं 'डिस्कव्हरर' परत वाजतं. अजून किती स्पष्ट सांगायचं?

खर्जातला: हे सगळं तुला दिसतंय कारण पुढे काय झालं ते तुला माहितीये. मार्चमध्ये रिव्ह्यू लिहिणाऱ्याकडे फक्त बारा गाणी होती, त्याने तीच ऐकायची ना. आणि त्यात 'युबर्लिन' लागलं की त्यांचंच जुनं 'ड्राइव्ह' आठवतं, 'ब्लू'मध्ये गायिका पॅटी स्मिथ आली की तिच्यासोबतचंच १९९६ चं 'ई-बो द लेटर' आठवतं, आणि तिथे तिचा आवाज आला की अंगावर काटा येतो, तसं इथे होत नाही. निरोप आहे म्हणून गाणं चांगलं होत नाही. शिवाय वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीसोबत १९९६ ला जो पाच अल्बमचा करार झाला त्यातला हा पाचवा, हेही विसरू नका.

मँडोलिन: करार संपला म्हणून अल्बम उरकलाय असं ऐकताना तरी वाटत नाही. 'ओह माय हार्ट' घ्या. २००८ च्या 'अ‍ॅक्सिलरेट'मध्ये 'ह्यूस्टन' होतं, कतरिना वादळात घर सुटलेल्या माणसाचं, इथे तोच माणूस न्यू ऑर्लिन्सला परत येतो. याला उजळणी कसं म्हणायचं, गोष्ट पुढे गेलीये. आणि प्रत्येक वेळी ऐंशीच्या दशकाशी तुलना करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की तेव्हा बँडमध्ये चौघं होते, १९९७ ला ड्रमर बिल बेरी बँड सोडून गेला आणि त्याच्यासोबत ड्रम्सच नाही तर एक गाणारा आवाजही गेला.

रात्रपाळी: @खर्जातला, ब्रेकअपच्या निवेदनात बँडचा बेसिस्ट माइक मिल्सनेच सांगितलंय की शेवटच्या टूरमध्ये आणि हा अल्बम करताना ते स्वतःला विचारत होते, आता पुढे काय. म्हणजे हे मी मागाहून चिकटवलेलं नाही, ते गाण्यांत होतंच. 'इट हॅपन्ड टुडे' अर्ध्यावर येतं तेव्हा शब्दच संपतात आणि पर्ल जॅम बँडचा गायक एडी वेडर धरून सगळे नुसते आवाज लावत राहतात, मला तिथे दरवेळी भरून येतं.

खर्जातला: 'इट हॅपन्ड टुडे' मान्य, ते २००४ च्या 'अराउंड द सन'मधल्या कुठल्याही गाण्यापेक्षा जिवंत आहे, त्यावर वाद नाही. पण मनात काय चाललं होतं ते निवेदनातून कळणं वेगळं आणि ऐकताना कळणं वेगळं, समीक्षकाने ऐकताना कळतं तेच सांगायचं असतं. 'ब्लू' मी आजही अर्ध्यात बंद करतो, स्टाइप नुसता बोलत राहतो आणि चाल हाताला लागत नाही.

मँडोलिन: अरे मग 'डिस्कव्हरर' परत येतं तिथपर्यंत तू पोचतच नाहीस! एकदा शेवटपर्यंत ऐक, मग भांडू.