उजनी ‘उणे’ झाली, म्हणजे नेमके काय?

प्रश्न (भीमाकाठ): उन्हाळ्यात उजनी धरण उणे २० टक्क्यांवर गेल्याच्या बातम्या येतात, पण पुलावरून पाहिले तर पाणी दूरवर पसरलेले दिसते. अहवालांतील ‘डेड स्टोरेज लेव्हल’शी या उण्याचा काय संबंध आहे?

उत्तर (पाटकरी): डेड स्टोरेज लेव्हल, म्हणजे मृतसाठ्याची वरची पातळी, ही पाण्याची खोली नसून समुद्रसपाटीपासून मोजलेली उंची आहे. उजनीत ती ४९१.०३ मीटर, तर पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर आहे. या दोहोंमधला ५३.५७ टीएमसी (अब्ज घनफूट) साठा म्हणजे उपयुक्त साठा आणि टक्केवारी फक्त त्याचीच काढतात. त्याखालचा मृतसाठा तब्बल ६३.६६ टीएमसी असल्याने उणे २० टक्के म्हणजे त्यातून सुमारे १०.७ टीएमसी कमी झाले, तरी जवळपास ५३ टीएमसी पाणी शिल्लक असते. उपयुक्त साठ्यापेक्षा मृतसाठा मोठा असल्यामुळेच येथे हा आकडा एवढा खाली जाऊ शकतो.

उत्तर (गाळपेर): ‘मृत’ म्हटले म्हणून ते पाणी वापरता येत नाही असे नव्हे. भीमेच्या पात्रात पाणी सोडता येते आणि फुगवट्याकाठचे शेतकरी पाण्यामागे मोटारी व पाइप सरकवत उपसा चालू ठेवतात. पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते तेही पाणी असे ओसरल्यावरच.

भीमाकाठ: आभारी आहे. मग बातमीत टक्क्यांसोबत टीएमसीचा आकडाही छापायला हवा.

पाटकरी: एकूण साठा की उपयुक्त, हेही लिहावे, खरा घोळ तिथेच होतो.