मदत हवी आहे: ऑटोमॅटिक गाडी, उताराचा पोडियम (इमारतीचा पार्किंगचा मजला) आणि 'न्यूट्रलमध्ये ठेवा' हा नियम

मंडळी, आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. सोसायटीत गाड्या जास्त आणि जागा कमी, त्यामुळे एकामागे एक लावाव्या लागतात. कमिटीचा नियम असा की मागच्याने गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक न लावता ठेवायची. पुढच्याला निघायचं असलं की वॉचमन ढकलून बाजूला करतो. बाबांच्या जुन्या गाडीचं यात छान निभावलं. आता त्यांनी सीव्हीटी (एक प्रकारची ऑटोमॅटिक) घेतली आहे आणि जागा मिळाली आहे रॅम्पच्या तोंडाशी. तिथे पाणी वाहून जायला ढाळ दिलाय. डोळ्यांना दिसत नाही, पण पूजेच्या दिवशी चाकाखालून निसटलेलं लिंबू सरळ रॅम्पवरून खाली गेलं.

बाबा नुसतं 'पी'मध्ये टाकून उतरतात. "पी म्हणजे पार्किंगच ना, मग आणखी हँडब्रेक कशाला? पावसाळ्यात जाम होतो तो." सकाळी पीमधून काढताना खालून 'खट्ट' असा आवाज येतो आणि गाडीला हिसका बसतो. वॉचमन वेगळाच वैतागलाय, कारण गाडी हलत नाही.

हा आवाज कसला? आणि कमिटीला काय सांगू?

गिअरबॉक्स_काका:
पीमध्ये टाकल्यावर चाकांना ब्रेक लागत नाही. गिअरबॉक्समधला एक छोटा लोखंडी खटका दातेरी चक्रात अडकतो, बस. उतारावर सगळी गाडी त्या बोटभर तुकड्यावर रेलते. काढताना तो दाबाखालून सुटतो, तोच तुमचा 'खट्ट'. लगेच काही मोडत नाही, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर गाडी सोडायची नसते.

बाबांना क्रम असा सांगा: पायाचा ब्रेक दाबलेला असतानाच लिव्हर एनमध्ये (न्यूट्रल), हँडब्रेक पूर्ण ओढायचा, मग पाय हळूच सैल करायचा. गाडी किंचित सरकून हँडब्रेकवर बसते. पुन्हा ब्रेक दाबून पी. निघताना ब्रेक दाबून आधी पीमधून डी (ड्राइव्ह), हँडब्रेक शेवटी. आवाज गेलाच पाहिजे.

जाम होण्याचं म्हणाल तर मागे ड्रम ब्रेक असतील आणि ओली गाडी बरेच दिवस उभी राहिली तर लायनर चिकटतात, हे खरं. रोजच्या गाडीला तो प्रश्न नाही. गणपतीला गावी जाणार असाल तर सपाट जागा बघा, पी आणि चाकाला दोन्ही बाजूंनी दगड. ढाळावर मात्र हँडब्रेक हवाच.

रबाळे_ते_ऐरोली:
एएमटीवाल्यांनी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण गिअर आपोआप बदलणारा) वरचं वाचून पी शोधू नये, बहुतेकांत तो नसतोच. गाडी गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करायचं, आणि हँडब्रेक. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर तो आपोआप लागतो असं गृहीत धरू नका, डॅशवरचा लाल दिवा बघा. ऑटो होल्ड (थांबल्यावर पाय काढला तरी ब्रेक धरून ठेवणारा) सिग्नलपुरता आहे, उतरण्यासाठी नाही.

तिरकस:
लिव्हर कुठे आहे तेही उतरण्याआधी बघत जा. २०१६ साली फियाट क्रायसलरने जगभरातून सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांचा लिव्हर दरवेळी मधल्या जागी परत यायचा, त्यामुळे पी पडला की नाही हे हाताला कळायचं नाही. लोक उतरायचे आणि गाडी निघायची.

गिअरबॉक्स_काका:
कमिटीचं राहिलं. बऱ्याच ऑटोमॅटिकमध्ये पीत टाकल्याशिवाय किल्ली निघत नाही. पुश बटणवाल्या कित्येक गाड्या एनमध्ये पूर्ण बंदच होत नाहीत आणि बॅटरी उतरते. लिव्हरशेजारी शिफ्ट लॉक (लिव्हर पीमध्ये अडकवून ठेवणारं कुलूप) सोडवायची खाच असते, पण ती गाडी टो करताना वापरायची, रोज नाही. मुख्य म्हणजे ढाळावर हजार-बाराशे किलोची गाडी एकदा सुटली की ढकलणाऱ्या वॉचमनच्या बापालाही थांबवता येणार नाही. आत उडी मारून ब्रेक दाबायला जाऊ नये, समोर तर अजिबातच उभं राहू नये. त्या जागेला न्यूट्रलचा नियम लावूच नये असं लेखी द्या. तुम्हाला पुढची, भिंतीकडची जागा मागा. तिथे मागून कुणाला वाट द्यायचीच नसते.

धागाकर्ती:
धन्यवाद काका. आज क्रम करून घेतला, आवाज गेला. बाबा म्हणतात "आधीही फारसा नव्हताच."
भिंतीकडच्या जागेवर सेक्रेटरींची स्वतःची गाडी असते. कुणाच्या सोसायटीत ऑटोमॅटिकसाठी वेगळा ठराव झाला असेल तर मसुदा इथे टाकाल का? सर्वसाधारण सभा पुढच्याच रविवारी आहे.